हायड्रोजन मुद्दाम का सोडता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भोसरीचे प्लेटिंगवाले, विद्यार्थी, सगळे हेच विचारतात: ज्या हायड्रोजनच्या भीतीने आपण जस्त चढवलेले हाय टेन्साइल बोल्ट २०० अंशांच्या आसपास तासन्‌तास भाजतो, तोच तुम्ही पोलादाच्या नमुन्यात मुद्दाम का भरता?

बदनामी जुनी आहे. आम्लात बुडवलेल्या लोखंडात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं, हे जॉन्सन नावाच्या इंग्रज संशोधकाने १८७५ मध्येच दाखवलं. पण काही काळाने ते सावरतं, हेही त्यानेच सांगितलं. हा अणू इतका लहान की लोखंडाच्या स्फटिकजाळीतून सहज फिरतो आणि जाळी जिथे बिघडलेली, तिथे अडकतो. भार पुन्हा पुन्हा आला की भेग पडण्याच्या कितीतरी आधी हा बिघाड, म्हणजे डिस्लोकेशन (अणूंच्या विस्कटलेल्या रांगा) आणि रिकाम्या जागा, वाढू लागतो. पावसाचं पाणी कुठे मुरतंय ते पाहिलं की रस्ता कुठे खचणार ते कळतं, तसंच.

चाकणच्या एका कारखान्यात मला बोलावलं होतं. तपासणीत पास झालेला शाफ्ट तुटला होता. मी एकाच हीटचे, म्हणजे भट्टीतून एकाच वेळी ओतलेल्या पोलादाचे, दोन तुकडे घेतले, एक कोरा, दुसरा पुन्हा पुन्हा भार देणाऱ्या फटिग मशिनवर चालवलेला. भेगा शोधणाऱ्या मॅग्नेटिक टेस्टमध्ये दोन्ही स्वच्छ. दोन्हींत सारख्याच करंटने हायड्रोजन भरला, मग हळूहळू तापवत बाहेर येणारा वायू मोजला. चालवलेल्या तुकड्याचा आलेखातला उंचवटा स्पष्ट मोठा होता, म्हणजे त्यात जास्त हायड्रोजन अडकला होता. आलेख टेबलावर ठेवला. क्वालिटीचे साहेब त्या उंचवट्यावरून बोट फिरवत राहिले, मग म्हणाले, "सर, यासाठी शाफ्ट कापावा लागला ना? कापलेला शाफ्ट मी गाडीत बसवू कसा?"

ते लागलं, कारण प्रश्न रास्त होता. एक कापून बाकीच्यांचं कळतं, असं मी तावातावाने म्हणालो. पण बाकीच्यांवर भार तसाच पडला असेल तरच ना! शिवाय प्रेसखाली सरळ केलेल्या शाफ्टमध्येही डिस्लोकेशन वाढतात. हायड्रोजनला दोन्ही सारखेच. पूर्वी मी शाफ्टचं उरलेलं आयुष्य किती, तेही यावरून सांगता येईल म्हणायचो. आज तसं लिहून देणार नाही. तरी भेग दिसेपर्यंत थांबायचं, हे मला अजूनही पटत नाही.

तेव्हा एवढं करा: शाफ्ट बनवतानाच त्या हीटचा एक कोरा तुकडा नंबर घालून ठेवा. तुलनेला तोच नसेल, तर माझ्या आलेखावरून मला काही सांगता येत नाही.