कढीपत्त्यावरचं सोंग

पुण्यातल्या बाल्कनीत तुळशीखालोखाल मान कढीपत्त्याचा. त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट दिसली तर लगेच फडकं आणू नये, ती सरकते का ते जरा बघावं. सरकली तर ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. बोटाने डिवचली की डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.

अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथात एकेकाळी बहुपत्नीत्वाची चाल होती. या फुलपाखरात नराच्या माद्या तीन तऱ्हांच्या, म्हणून साहेबाने नाव ठेवलं मॉरमॉन. थट्टा शिळी झाली, पण निरीक्षण पक्कं आहे. नर सगळे एकसारखे: काळे, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा आडवा पट्टा. मादीचं एक रूप थेट नरासारखं. दुसऱ्या रूपात मागच्या पंखांच्या मध्यभागी पांढरे डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी, म्हणजे हुबेहूब कॉमन रोझ नावाचं दुसरंच फुलपाखरू. तिसरं रूप क्रिमझन रोझ या आणखी एका फुलपाखराचं: पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, मागे लाल ठिपके. रोझ मंडळींच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात. त्या वेलीचं विष त्यांच्या अंगात उतरतं, आणि एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. मॉरमॉन मादीच्या अंगात विष नाही, तिने फक्त वेष घेतलाय.

पंख बघून ओळखायला गेलात तर फसाल. पोट बघा. रोझचं पोट लालभडक असतं, मॉरमॉनचं काळं. सोंग पंखांपाशीच संपतं.

मग सगळ्याच माद्या सोंग का घेत नाहीत? खोटी रोझ फार झाली की पक्ष्यांना ‘हे लाल-काळं चालतं खायला’ असा अनुभव येऊ लागतो आणि सोंगाचा भाव उतरतो. ‘खाण तशी माती’ ही म्हणही इथे लंगडी पडते, कारण एकाच आईच्या अंड्यांतून वेगवेगळ्या रूपांच्या लेकी निघू शकतात. सोंगाचं जनुक साध्या रूपाच्या जनुकावर वरचढ असतं. नराच्याही अंगात ते असू शकतं, पण त्याच्या पंखांवर उमटत नाही. हा सगळा कारभार ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाकडे असल्याचं फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं. नर-मादी भेद ठरवणारं जनुकच रंगभूषेचंही काम बघतं!

कोशाचा रंग मात्र जन्माने ठरत नाही. हिरव्या गुळगुळीत देठावर बांधलेला कोश बहुधा हिरवा, खरबरीत वाळक्या काडीवरचा तपकिरी. सख्ख्या भावंडांचे कोशही असे वेगळे निघतात. घरी बघायचं असेल तर रुंद तोंडाच्या बरणीला मलमलचं फडकं बांधा. कढीपत्त्याची डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी घसरून बुडते. पाला रोज ताजा, लेंड्या रोज साफ. मंडईतली जुडी नको, फवारणीचा अंश राहिला असेल तर एका रात्रीत अळ्या काळ्या पडतात. शेवटची कात टाकली की अळी हिरवी होते आणि अधाशासारखी खाते. हातभर उंचीच्या रोपावर अशा तीन असल्या तर रोपाचा खराटा होतो, तेव्हा एखादी शेजाऱ्यांच्या लिंबावर सोडावी (विचारून). खाणं थांबवून ती पातळ विष्ठा टाकते. ते आजारपण नसतं, कोशाची तयारी असते. तेव्हा बरणीत एक हिरवा देठ आणि एक वाळकी काडी तिरकी ठेवा. अळी शेपटाकडून चिकटते आणि कमरेला रेशमाचा दोर घेते.

पुढे साधारण आठ-दहा दिवस. कोशाला बारीक भोक पडून चिलटांएवढ्या गांधीलमाश्या निघाल्या, तर डाव त्यांनी मारला म्हणायचा. सगळं नीट झालं तर कोश गडद होतो आणि आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसू लागते. फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर येतं. त्याला खाली लोंबकळायला वीतभर मोकळी जागा हवी, नाहीतर पंख चुरगळलेलेच वाळतात. पंख वाळायला तास-दोन तास लागतात. मादी कुठल्या वेषात आली ते तेवढ्यात निवांत बघून घ्यावं.