पोराची माउंटन बाइक पांदणीवर चालवायची म्हणजे

पोरगा आयटीआयला अमरावतीला गेला आणि त्याची गिअरची सायकल ओसरीत धूळ खात पडली. मी गावात आशा सेविका आहे, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्य कार्यकर्ती. गाव अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. गावठाणाशिवाय दोन वस्त्या माझ्याकडे येतात. त्यातली एक संत्र्याच्या बगिच्यांमधून जाणाऱ्या पांदणीनं, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेनं, तीन-चार किलोमीटर आत आहे. तिकडं ना ऑटो जातो, ना कोणाची गाडी वेळेवर सापडते. बाळाच्या घरभेटी मात्र ठरलेल्या. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. घरी झालं असेल तर पहिल्याही दिवशी जायचं. पाऊस आहे म्हणून सातव्या दिवसाची भेट दहाव्या दिवशी करता येत नाही.

म्हणून मी ती सायकल काढली. २६ इंची, २१ गिअरची, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. चालते छान, पण अशा सायकली बहुतेक नुसत्याच येतात. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, दिवा नाही. माझ्या पाठीवर रजिस्टर, औषधांची पेटी आणि बाळाचा वजनकाटा. तीन हजारांच्या वर जायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण मानधन हातात कधी पडेल याचा नेम नसतो.

पोरानं फोनवर भराभर लिंका पाठवल्या. मोबाईल होल्डर, जेलचं सीट कव्हर, सात आवाजांचा हॉर्न. मी त्याला म्हटलं, बाबू, तुझी सायकल कॉलेजच्या रस्त्यावर होती, माझी पांदणीवर आहे. प्रत्येक वस्तूला मी दोनच गोष्टी विचारायची: पांदणीवर हिचा उपयोग काय, आणि बिघडली तर गावात कोण दुरुस्त करेल?

सगळ्यात आधी काटा. आमच्याकडं उन्हाळ्याच्या तोंडी लोक कुंपणाला बाभळीच्या काट्या ओढून नेतात, त्या पांदणीभर सांडतात. संत्रा तुटला की झाडांची सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढतात आणि तो वाळका काटेरी पसारा धुऱ्यावर येऊन पडतो. पावसाळा सरला की सराटे आहेतच. टायर कितीही जाड असू द्या, वाळलेला बाभळीचा काटा आत जातोच.

पंक्चरच्या दुकानातल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, नवीन टायर कायले घेता? मोटरसायकलची जुनी ट्यूब चिरून आतून पट्टा टाकू. फुकटात काम होते." मी मागच्या चाकात तो टाकून घेतला, कारण वजन मागंच असतं. पट्ट्याच्या कडा त्यांनी ब्लेडनं तिरप्या तासल्या आणि वरून पावडर भुरभुरली. कड उभी राहिली तर तीच घासून घासून ट्यूबला भोक पाडते. बाजारात तयार लायनरही मिळतात, पण कडा घासायची तक्रार त्यांचीही असते.

वर दोन्ही ट्यूबांमध्ये सीलंट टाकलं. हे द्रव ट्यूबमध्ये फिरत राहतं आणि बारीक भोक पडलं की तिथं जाऊन बसतं. या सायकलीचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड आहे. त्याच्या आतली पिन फिरवून काढता येते, तिथून शंभरेक मिली सीलंट सरळ आत जातं. आपल्या साध्या काळ्या सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळा, त्यामुळे तिचा पंप याला लागत नाही. पंप घेताना हे बघून घ्यावं. सीलंटबद्दल काकांची एक कुरकुर आहे, आणि ती खरी आहे: मोठं भोक पडलं तर ते द्रव बाहेर येतं आणि सोल्युशन धरत नाही. मग जागा कोरडी पुसून, घासून, वाट बघत बसावं लागतं. शिवाय आमच्या उन्हात सीलंट लवकर आटतं. दर काही महिन्यांनी पिन काढून बघायचं, सुकलं असेल तर पुन्हा भरायचं.

आणि एक बिनपैशाची युक्ती. काटा काढला तरी त्याचं टोक कधीकधी टायरमध्येच मोडून राहतं. नवी ट्यूब टाकली की ते दुसऱ्याच दिवशी तिलाही टोचतं. बोटानं चाचपलं तर सापडत नाही, सापडलं तर बोटातच जातं. म्हणून टायर काढला की मी घरातला कापसाचा बोळा आतून गोल फिरवते. जिथं टोक असेल तिथं कापसाचा तंतू अडकतो आणि टायरच्या काळ्या रबरावर पांढरी शेपटी उभी दिसते. मग चिमट्यानं टोक बाहेर. वऱ्हाडात कापूस शोधायला कुठं जावं लागत नाही.

सोबत ठेवायला हातभर लांबीचा छोटा पंप घेतला. तो फ्रेमलाच अडकतो. कॉम्प्रेसरनं हवा भरणं मी टाळते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी, कॉम्प्रेसर सोडतो भसकन, आणि भरणाऱ्याचा अंदाज मोटरसायकलचा असतो. टायरच्या बाजूवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त पीएसआय, म्हणजे हवेचा दाब, लिहिलेला असतो. माझ्या टायरवर ४० ते ६५ आहे. दगडाच्या पांदणीवर मी खालच्या आकड्याजवळ ठेवते, म्हणजे हात बधिर होत नाहीत. ६५ भरलं तर बाळाचा वजनकाटा आणि मी, दोघंही खिळखिळे.

जादा ट्यूब घेताना तर दुकानदाराशी वादच झाला. तो म्हणे २६ म्हणजे २६. पण लेडीज सायकलचा २६ × १ ३/८ चा टायर आणि माउंटन बाइकचा २६ चा टायर एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. टायरवर बारीक अक्षरात मिलिमीटरचे आकडे असतात, त्यातला दुसरा बघायचा: माउंटन बाइकचा ५५९, त्या सायकलचा ५९०. मी टायरचा फोटो मोबाईलमध्ये काढून नेला होता, तोच त्याच्यापुढे धरला.

कॅरिअरला मात्र वेळ गेला. ऑनलाइन जे स्वस्तात दिसतात ते बहुतेक सीटच्या नळीला आवळायचे असतात. त्यांच्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, नऊ-दहा किलो. पेटी आणि वजनकाटा त्यात बसतो, पण खड्ड्यात तो कॅरिअर हलतो, कधी एका बाजूला फिरतो. शिवाय आमच्याकडं सायकल एकटी माझी नाही. शेतीची लाइन, म्हणजे वीज, कधी दिवसा, कधी रात्रीची असते. रात्रीची पाळी आली की आमचे हे पाण्याचा पंप चालू करायला याच सायकलीवर वावरात जातात. हे माझ्यापेक्षा हातभर उंच, त्यामुळे सीट रोज वर-खाली. नळीला कॅरिअर आवळलेला असला की सीट खाली घेता येत नाही. म्हणजे तो बादच.

फ्रेमला खालून पायांवर उभा राहणारा कॅरिअर घ्यायचा, तर मागच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकती दाबणारा भाग, मध्ये येतो. साधा कॅरिअर तिथं अडतो. परतवाड्याच्या एका दुकानात डिस्कवाल्या सायकलीचा म्हणून मिळाला. त्याचा डावा पाय बाहेरून वळवलेला असतो. सातशेच्या आत बसला. सायकल सोबत घेऊन गेले होते म्हणून तिथंच लावून बघता आला, नाहीतर त्या छिद्राला तो बसतो का नाही हे घरी येऊनच कळलं असतं. नट मी नायलॉकचे लावायला लावले. त्यांच्यात आत नायलॉनचं कडं असतं, हादऱ्यानं ढिले होत नाहीत. सामान आवळायला जुन्या ट्यूबचे पट्टे, आणि वजनकाट्याखाली जुन्या वाकळीची घडी.

मडगार्डचा विचार करताना काळी माती डोळ्यांपुढे आणावी. पहिल्या पावसात ही माती चाकाला धरते, मडगार्ड आणि टायरच्या मध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचंच बंद होतं. साध्या सायकलीसारखे पत्र्याचे, टायरला चिकटून बसणारे मडगार्ड म्हणूनच नको. पुढं फोर्कला अडकणारा प्लास्टिकचा, टायरपासून चांगला वर राहणारा घेतला, दीडशेत. मागं विकतचा काहीच नाही: गोड्या तेलाची रिकामी कॅन कापली, सपाट केली आणि कॅरिअरच्या खालून वायरनं बांधली. पाठीवर चिखलाची रेघ येत नाही. तरी भर पावसात चाक जाम होतंच, तेव्हा उतरून काडीनं माती खरडावी लागते. कोणतंही मडगार्ड त्याला उपाय नाही.

दिव्याला मी हात आखडता घेतला नाही. संध्याकाळी वस्तीवरून परतताना रोही, म्हणजे नीलगाय, एकदम पांदणीत उडी मारतो, आणि रानडुकरं तर कळपानं असतात. यूएसबीवर चार्ज होणारा, हँडलवरून निघणारा दिवा घेतला. निघणारा यासाठी, की वावरात पोचल्यावर यांना तोच हातात धरून स्टार्टरच्या डब्यापर्यंत जाता येतं. दिव्याच्या खोक्यावर आयपीएक्स ४ लिहिलेलं बघितलं, म्हणजे पावसाचे शिंतोडे त्याला चालतात. उजेड किती ते सांगणाऱ्या ल्यूमेनच्या मोठमोठ्या आकड्यांवर माझा भरवसा नाही. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत लावून बघितला. दिव्याचं तोंड थोडं खाली ठेवावं, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत.

मागं लाल दिवा. त्याशिवाय ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानातून लाल चमकपट्टी हातभर कापून आणली, ट्रॉल्यांना लावतात तीच. कॅरिअरला लाल, पुढं फोर्कला थोडी पांढरी. दिव्याची बॅटरी संपली तरी ही पट्टी गाडीच्या उजेडात चमकते. ज्याला काहीच परवडत नाही त्यानं निदान ही लावावी.

हेल्मेट सगळ्यात महाग पडलं, हजाराच्या आसपास. आत ईएन १०७८ चा शिक्का असलेलंच घेतलं, तो सायकलच्या हेल्मेटचा मापदंड आहे. डोक्याचा घेर शिवणाच्या टेपनं मोजून नेला. बसवताना पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं यायला हवी. मागं ढकललेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. स्कूटीचं हेल्मेट घरात होतं, पण मे महिन्यात पायडल मारताना त्यात डोकं शिजतं. सायकलच्या हेल्मेटला खिडक्या असतात, आणि खाली पातळ सुती दुपट्टा बांधता येतो. वस्तीवरच्या एका आजीनं विचारलंच, "आवं बाई, हे काय घातलं वं डोक्यात, टोपलं?" आता तिची नात माझ्या मागं लागते, मलाही घालू दे म्हणून.

बायकांसाठी एक गोष्ट कोणी सांगत नाही. माउंटन बाइकला चेनकव्हर नसतं. ओढणी छातीवरून तिरपी घेऊन कमरेला गाठ मारायची, आणि सलवारीच्या उजव्या पायाला चिकटपट्टीचा पट्टा बांधायचा. साठ-सत्तर रुपयांत मिळतो, चमकणारा घेतला तर रात्रीही कामाचा. जेलचं सीट कव्हर नाही घेतलं. मैत्रिणीचं वापरून बघितलं होतं, ते सरकतं आणि मांड्या घासतात. सीटची उंची बरोबर केली की अर्धं दुखणं जातं: पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा.

बाटलीचं स्टँड शंभर रुपयांत येतं. त्याचे दोन स्क्रू बसायची भोकं फ्रेमला आधीच होती. बाटलीला जुना सुती मोजा चढवून ओला करते. छागळीत पाणी जसं बाहेरच्या ओलीनं गार राहतं, तसंच. आमच्या कोरड्या उन्हात हे चांगलं चालतं, दमट पावसाळ्यात नाही. घंटी घेतली चाळीसची. माणसं हटतात, म्हशी हटत नाहीत. कुलूप साधं वायरचं, कारण आरोग्य केंद्राच्या दारात तेवढं पुरतं.

अवजारं मी हार्डवेअरच्या दुकानातून घेतली. या सायकलीचे बहुतेक स्क्रू सहा कोनी भोकाचे असतात. काकांकडं पाने आहेत, अ‍ॅलन की नाहीत. ४, ५ आणि ६ नंबरच्या लागतातच. पूर्ण सेटच दीडशेत मिळाला, तो आता काकाही मागून नेतात. चेनला त्यांचं जळकं ऑइल मात्र लावू देत नाही. त्याला धूळ चिकटते, धुळीचा लेप होतो आणि तो चेन आणि दाते दोन्ही खातो. फडक्याला थोडं रॉकेल लावून चेन पुसायची, सुकू द्यायची, मग प्रत्येक कडीवर पातळ ल्यूबचा एकेक थेंब, आणि वरचं जास्तीचं पुन्हा पुसून टाकायचं.

एवढ्यात तीन हजार संपले, थोडे वर गेले. ब्रेकपॅडचा खर्च त्यात धरलेला नव्हता. यांनी एका रविवारी हौसेनं परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून पाहिला. चढला काही नाही, अर्ध्यातून गाडीत टाकून वर नेली, पण उतरताना ब्रेक दाबून दाबून पॅड पार पातळ केले. डिस्कच्या पॅडचे आकार कंपनीगणिक वेगळे असतात, फोनवर सांगून दुकानदाराला कळत नाही. मी जुने काढून रुमालात बांधून नेले. त्यानं ते काउंटरवर ठेवले, चार पुडकी उघडून एकेक वर ठेवून जुळवले. दोन जोड्या घेतल्या. एक लावली, एक औषधांच्या पेटीच्या खालच्या कप्प्यात आहे.