डोक्यावरचा तारा आणि कुलाब्याची वेळ

मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली. त्या काळी वेधशाळा वेळ काढत ती मुख्यतः ताऱ्यांवरून. सूर्याचं बिंब मोठं, त्याच्या उन्हानं दुर्बीण तापते, आणि घड्याळाशी तो वर्षभर जुळत नाही: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे, फेब्रुवारीच्या मध्यावर चौदा मिनिटं मागे. तारा म्हणजे नुसता ठिपका.

हे काम याम्योत्तर दुर्बिणीचं. याम्योत्तर म्हणजे दक्षिणेकडून डोक्यावरून उत्तरेकडे जाणारी आकाशातली काल्पनिक रेषा; ही दुर्बीण फक्त तिच्यावर, दक्षिणोत्तर फिरते. तिचा आस दोन दगडी खांबांवर टेकलेला असतो आणि खांबांचा पाया खोलीच्या जमिनीपासून सुटा ठेवतात, नाहीतर पावलांचे हादरे पोचतात. आत कोळ्याच्या तंतूंचे पाच किंवा सात उभे धागे. तारा एकेका धाग्यावरून सरकताना निरीक्षक घड्याळाचे ठोके कानानं मोजतो आणि सेकंदाचा दहावा भाग अंदाजानं टिपतो. या नोंदींची सरासरी म्हणजे ताऱ्यानं याम्योत्तर ओलांडल्याची वेळ. त्या क्षणी स्थानिक नाक्षत्र वेळ (ताऱ्यांच्या फेरीवर मोजलेली वेळ) ताऱ्याच्या विषुवांशाइतकी, म्हणजे आकाशातल्या त्याच्या पूर्व-पश्चिम स्थानाच्या तासांत मोजलेल्या आकड्याइतकी असते. स्वातीचा विषुवांश आज सुमारे १४ तास १७ मिनिटं. नाक्षत्र घड्याळ वेगळं काही दाखवत असेल तर तेवढी घड्याळाची चूक. नेहमीच्या घड्याळापेक्षा नाक्षत्र घड्याळ रोज ३ मिनिटं ५६ सेकंद पुढे जातं. तो हिशोब वळता केला की गावची मध्यम वेळ, म्हणजे नेहमीच्या घड्याळाची स्थानिक वेळ हाती येते. मुंबईची ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, रत्नागिरीची त्याहून आणखी दोनेक मिनिटं.

दुर्बिणीची नजर आसाशी काटकोनात नसेल, तर दुर्बीण आसासकट उचलून उलटी बसवायची आणि दोन्ही बाजूंच्या नोंदींची सरासरी घ्यायची. आस नेमका पूर्व-पश्चिम नसेल तर? इथे कोकणचे अक्षांश मदतीला येतात, आणि मला हा भाग फार सुंदर वाटतो. ही चूक खस्वस्तिकापाशी, म्हणजे बरोबर डोक्यावर, शून्य होते. ताऱ्याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर) गावच्या अक्षांशाइतकी असली की तो डोक्यावरून जातो. स्वातीची क्रांती १९ अंश, रोहिणीची साडेसोळा, कुलाबा १९ अंशांच्या किंचित खाली. म्हणजे हे ठळक तारे जवळपास डोक्यावरूनच जातात. ही चूक मोजायला ध्रुव लागतो, पण तो इथे क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर, समुद्रालगतच्या दमट धुरकटात थरथरणारा. मात्र आसाचा कल डोक्यावरच्या ताऱ्याला पुरेपूर नडतो: १५ विकलांचा कल (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे साधारण एक सेकंद. म्हणून आसावर ठेवायच्या पाणसळीचं वाचन दर वेधाआधी आणि नंतर, तिची टोकं अदलाबदल करून घ्यायचं. दमट हवेत कोळ्याचे तंतूही सैल पडतात, तेही तपासायचे.

खरी कसोटी पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर आठवडेच्या आठवडे तारा दिसत नाही, तेव्हा घड्याळाच्या आधी मोजलेल्या रोजच्या गतीवरच भिस्त. साध्या पोलादी दांड्याचा लंबक एका अंश सेल्सिअसच्या उष्णतेनं दिवसाला अर्धा सेकंद मागे पडतो. म्हणून लंबकाच्या तळाशी पाऱ्याची बरणी असे: दांडा खाली वाढतो, पारा वर चढतो, आणि दोन्ही मिळून लंबकाची लांबी राखतात. तरीही गतीचा अंदाज दिवसाला ०.२ सेकंदांनी चुकला, तर वीस ढगाळ दिवसांत ४ सेकंद साचतात. त्या वेळेवर क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरचं अचूक घड्याळ, लावून निघालेल्या जहाजाचा रेखांश एका कलेनं (अंशाच्या साठाव्या भागानं) चुकतो, म्हणजे या किनाऱ्यावर सुमारे पावणेदोन किलोमीटर.