वर्षाची रक्कम एकदाच
मी रोज वापरत असलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमच्या विकसकाला आज पैसे पाठवायला बसले, तेव्हा देणगीच्या तीन बटणांखाली त्याने लिहिलेली एक ओळ दिसली: “शक्य असल्यास वर्षाची रक्कम एकदाच पाठवा.”

दरमहा थोडे थोडे देणेच बरे, असे मी आजवर धरून चालले होते. परंतु कार्ड किंवा पेपालच्या शुल्कात टक्केवारीबरोबरच बहुधा प्रत्येक व्यवहारामागे एक ठरावीक रक्कमही कापली जाते, आणि लहान देणगीचा मोठा लचका तीच तोडते. बारा हप्ते म्हणजे बारा वेळा.

२०१९ मध्ये सुरू झालेली, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना देणगी देण्याची ‘गिटहब स्पॉन्सर्स’ ही सेवा वैयक्तिक खात्यावरून दिलेल्या देणगीतून स्वतःचा वाटा घेत नाही. ना-नफा तत्त्वावर चालणारे ‘लिबरापे’ हे देणगीचे संकेतस्थळही घेत नाही. मात्र पैसे पोहोचवणाऱ्या कंपनीचे शुल्क लिबरापेवर लागतेच, म्हणून आठवड्याची देणगी ठरवून पुष्कळ महिन्यांचे पैसे आगाऊ भरण्याची सोय त्यांनी ठेवली आहे. ही सोय मला फार समंजसपणाची वाटली.

मी वर्षाची रक्कम एकदम पाठवली. तरीही एक विचार मनातून जात नाही: एकट्याने काम करणाऱ्या माणसाला पुढच्या महिन्यात किती पैसे येणार हे ठाऊक असणे, त्या वाचलेल्या शुल्काहून मोलाचे नसेल का?