घारापुरीची दुसरी टेकडी

गेटवेहून सुटलेली लाँच तासाभरात घारापुरीच्या धक्क्याला लागते आणि उतरलेली जवळजवळ सगळी माणसे पश्चिमेकडच्या टेकडीच्या पायऱ्या चढू लागतात, कारण महेशमूर्तीचे मोठे लेणे तिकडे आहे. बेटावरील सात लेण्यांपैकी पाच त्या टेकडीत आहेत. उरलेली दोन घळीपलीकडे, पूर्वेच्या टेकडीत आहेत आणि तिकडे क्वचितच कोणी फिरकते. त्यांतल्या सहाव्या लेण्याचा, म्हणजे सीताबाईच्या देवळाचा, आराखडा काढण्याचे काम माझ्याकडे आले होते. सोबत वास्तुशास्त्राची एक विद्यार्थिनी होती.

चढताना माकडांनी आमच्या डब्यातल्या पोळ्या पळवल्या. भाजी तेवढी ठेवली, एवढाच त्यांचा विवेक.

लेणे साधेच आहे. ओसरीला चार खांब व दोन अर्धस्तंभ, आत दालन आणि मागे तीन खोल्या, त्यांतली मधली गाभाऱ्याची. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस येथे चर्च होते, असे सांगतात. आम्ही दालनाच्या चारही बाजू मोजल्या, मग कोपऱ्यांतून दोन्ही कर्ण घेतले, आणि तेथेच गाडे अडले. दालन काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. आमच्या दोन कर्णांत दहा सेंटिमीटरहून अधिक फरक पडत होता. कारागिरांची ओळंब्याशी आणि गुण्याशी असलेली निष्ठा यापूर्वी अनेकदा पाहिलेली असूनही, ‘दालन तिरपे खोदले आहे’ असा शेरा मी वहीत लिहून मोकळा झालो.

दुपारी विसाव्यासाठी थोडे वर चढलो. पूर्वेला न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या क्रेन एका ओळीत उभ्या होत्या, उत्तरेला 2024 साली सुरू झालेला अटल सेतू खाडीवरून सरळ गेलेला दिसत होता आणि समोरच्या टेकडीवर, झाडांच्या आड, पर्यटकांचा गलबला चालला असावा. आमच्यापर्यंत त्यातले काहीच पोहोचत नव्हते. भाजी नुसतीच खाता खाता विद्यार्थिनीने विचारले, “सर, दुसऱ्या कर्णातून दहा वजा केलेत ना?”

आमच्या फितीचे टोक तुटलेले होते, म्हणून ती शून्याऐवजी दहाच्या खुणेवर फीत धरत होती आणि प्रत्येक मापातून मी दहा वजा करायचे, असे सकाळीच ठरले होते. बाजूंतून आणि पहिल्या कर्णातून ते मी केले, दुसऱ्यातून विसरलो. वजाबाकी केल्यावर उरलेला फरक फितीच्या ढिलाईत सहज बसण्याएवढा होता. मी शेरा खोडला, पण पानावर तो वाचता येतो.

परतण्याआधी जवळचे सातवे लेणेही पाहिले. तेथे ओसरीची जेमतेम सुरुवात झाली आहे आणि बहुधा खडकात दोष निघाल्यामुळे काम सोडून दिले गेले. छिन्नी थांबली त्या जागी विद्यार्थिनीने हात ठेवला आणि म्हणाली, “यांनी वेळेवर ओळखलं.”

मी काही बोललो नाही. शेवटची लाँच गाठायची होती आणि फीत अजून गुंडाळायची राहिली होती.