कपाटातला पंप

माझ्या मुलीला पाचव्या वर्षापासून दमा आहे आणि आमच्या देवगडच्या हवेत तो ऋतूप्रमाणे डोके वर काढतो. पावसाळ्यात ओलीमुळे भिंतींना बुरशी धरते तेव्हा, बागांमध्ये मोहोरावर फवारणी होते तेव्हा आणि उन्हाळ्यात शेतांतील भाजावळीचा धूर पसरतो तेव्हा तिची छाती घरघरू लागते.

गेल्या जुलैत खो-खोच्या तासाला तिला धाप लागली, त्या वेळी तिचा दम्याचा पंप शाळेच्या कार्यालयातील कपाटात कुलूपबंद होता आणि किल्ली तालुक्याला बैठकीसाठी गेलेल्या मुख्याध्यापकांकडे होती. शिपाईदादांनी कुलूप तोडले, तोपर्यंत तिला सलग दोन शब्दही बोलता येत नव्हते. औषध सुरक्षित राहावे याच हेतूने ते आत ठेवले होते, हे मला मान्य आहे. परंतु सालब्युटामॉलचा निळा पंप काही मिनिटांत श्वासनलिका मोकळ्या करतो, आणि तो मुलाच्या हाताशी नसेल तर त्याचा उपयोग काय?

त्यानंतर मी डॉक्टरांकडून उपचारांचा क्रम मराठीत लिहून घेतला आणि शिक्षकांच्या खोलीत पंपाला स्पेसर, म्हणजे फवारा साठवून तो संथ श्वासाने आत घेऊ देणारी नळी, लावून तो करून दाखवला. मुलीला आडवे न करता ताठ बसवायचे, पंप हलवून एका वेळी एकच फवारा स्पेसरमध्ये सोडायचा, तिला चार-पाच वेळा संथ श्वास घेऊ द्यायचा आणि मगच पुढचा फवारा द्यायचा. सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी दोनदा सांगितली: ओठ निळसर पडले, बोलता येईना किंवा मूल थकून गेले आणि घरघर अचानक थांबली, तर त्याला बरे वाटले असे समजू नये. हवा आत जाणेच कमी झाल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी फवारे चालू ठेवून तत्काळ १०८ ला फोन करावा.

‘पंपाची सवय लागते’ ही समजूत एका बाईंनी बोलून दाखवली. ती आमच्याही घरात होती आणि तिच्यापायी आम्ही सूज कमी करणारा रोजचा पंप वर्षभर टाळला, याचे मला आजही वाईट वाटते.

आता एक पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आणि दुसरा वर्गशिक्षिकांच्या टेबलात असतो. येत्या जूनमध्ये नव्या बाई येतील, तेव्हा स्पेसर घेऊन मी पुन्हा शाळेत जाणार आहे.