इमेज बारीक झाली, पण समोर असलेली फाइल सापडेना

डॉकर ॲपला लागणारं सगळं एका 'इमेज'मध्ये बांधतो, आणि ती इमेज चालवली की कंटेनर होतो. इमेज बारीक करण्यासाठी मल्टी-स्टेज बिल्ड वापरतात, आणि त्याचं मूळ काम अर्ध्या तासाचं आहे. एकाच डॉकरफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) दोन 'फ्रॉम' लिहायचे, म्हणजे दोन स्टेज होतात. पहिल्या स्टेजमध्ये जीसीसी (सी कंपायलर), हेडर फाइल्स असा सगळा पसारा मांडून बिल्ड करायचं, आणि दुसऱ्या स्टेजमध्ये तयार माल तेवढा 'कॉपी --फ्रॉम=बिल्डर'ने उचलायचा. डॉकरमध्ये ही सोय २०१७ पासून, १७.०५ आवृत्तीपासून आहे. पायथन ३.१२ ची पूर्ण इमेज १ जीबीच्या आसपास जाते, 'स्लिम' ही छाटलेली इमेज १५० एमबीच्या आत राहते. एवढ्यावर खूश होऊन मी माझ्या पायथन ॲपची इमेज पुश केली.

कंटेनर उठेना. 'एक्झेक /ॲप/व्हीएन्व्ह/बिन/गनिकॉर्न: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. शेल उघडून एलएस मारलं, तर फाइल जागेवर, परमिशन ठीक. या ओळीवर माझा अजून राग आहे, कारण ती सरळ दिशाभूल करते. गनिकॉर्न (पायथनचा वेब सर्व्हर) ही बायनरी नाही, ती पायथनची छोटी स्क्रिप्ट आहे. कर्नल तिची पहिली ओळ, म्हणजे शेबँग वाचतो आणि तिथे लिहिलेला इंटरप्रिटर शोधतो. न सापडलेली फाइल असते तो इंटरप्रिटर, पण नाव छापलं जातं स्क्रिप्टचं! 'हेड -१' मारल्यावर दिसलं: '#!/बिल्ड/व्हीएन्व्ह/बिन/पायथन'. व्हीएन्व्ह (ॲपच्या पायथन पॅकेजेसचं वेगळं फोल्डर) बिल्डरमध्ये, म्हणजे पहिल्या स्टेजमध्ये, /बिल्डखाली बनवला होता आणि कॉपी केला /ॲपखाली. पूर्ण पाथ स्क्रिप्टमध्ये कोरलेला असतो, त्यामुळे व्हीएन्व्ह हलवायचा नाही. दोन्ही स्टेजमध्ये /ऑप्ट/व्हीएन्व्ह हीच जागा ठेवा.

ते केलं, तरी तीच ओळ. या वेळी शेबँग बरोबर होती, पण व्हीएन्व्हमधला पायथन हा नुसता सिमलिंक असतो, आणि तो /यूएसआर/लोकल/बिनकडे बोट दाखवत होता. माझी दुसरी स्टेज होती साधी डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) स्लिम, वर ॲप्टने (डेबियनच्या पॅकेज मॅनेजरने) टाकलेला पायथन. तो बसतो /यूएसआर/बिनमध्ये. शिवाय बुकवर्मचा, म्हणजे डेबियन १२ चा, पायथन ३.११, म्हणजे लिंक दुरुस्त केली असती तरी ३.१२ च्या फोल्डरमधली पॅकेजेस त्याला दिसली नसती. दोन्हीकडे अधिकृत पायथनचीच इमेज घ्या, आणि टॅगमध्ये 'बुकवर्म'सुद्धा लिहा. बिल्डर नव्या डेबियनवर गेला आणि रनटाइम जुन्यावर राहिला, तर जीलिबसीची (सी ची मूळ लायब्ररी) हवी ती आवृत्ती सापडत नाही म्हणून वेगळी रड सुरू होते.

(अल्पाइन या छोट्या लिनक्सचा मोह होईल. तिथे जीलिबसी नाही, मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे; डेबियनवर कंपाइल केलेली बायनरी तिथे चालवली की पुन्हा हीच ओळ भेटते. या वेळी हरवलेला असतो डायनॅमिक लोडर, म्हणजे बायनरीला लायब्ररी जोडून देणारा प्रोग्राम.)

गनिकॉर्न उठल्यावर सायकोपीजी२ ने (पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणाऱ्या पॅकेजने) 'लिबपीक्यू.एसओ.५' ही लायब्ररी मागितली. हे निदान प्रामाणिक एरर. बिल्डरमध्ये लिबपीक्यू-डेव्ह आणि जीसीसी, शेवटच्या स्टेजमध्ये फक्त लिबपीक्यू५. काय काय लागेल ते आधीच बघायचं असेल तर व्हीएन्व्हमधल्या .एसओ फाइल्सवर शेवटच्या इमेजमध्ये एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवा आणि 'नॉट फाउंड' शोधा.

एवढं करूनही इमेज अपेक्षेपेक्षा जाडच होती. 'डॉकर हिस्ट्री'त कारण सापडलं: कॉपीनंतर वेगळ्या 'रन'मध्ये 'चोन -आर' (फाइल्सचा मालक बदलणारी कमांड) लिहिलं होतं. मालक बदलला की प्रत्येक फाइल नव्या लेयरमध्ये (इमेजच्या थरात) पुन्हा लिहिली जाते, म्हणजे व्हीएन्व्ह दोनदा मोजला गेला. 'कॉपी --चोन' वापरा. पुढच्या 'रन'मध्ये आरएमने फाइल पुसल्यानेही जागा सुटत नाही, फाइल खालच्या लेयरमध्ये तशीच राहते.

हे खरं तर सुरुवातीलाच यायला हवं होतं: .डॉकरइग्नोरमध्ये .गिट आणि लोकल व्हीएन्व्ह टाका, नाहीतर 'कॉपी . .' सगळं आत ओढतं.

सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेवर) बिल्ड दर वेळी पहिल्यापासून होत असेल तर कॅशे एक्स्पोर्टचा मोड पाहा. डीफॉल्ट 'मिन' फक्त शेवटच्या इमेजचे लेयर ठेवतो, बिल्डरचे टाकून देतो. 'मोड=मॅक्स' लिहा.